मोबाइल नंबर बरोबर असून फॉर्म 'चुकीचा' म्हणतोय, माझ्याकडं मात्र चालतंय

पूर्वभाग_पोरगं:

नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले डोकं धरून बसलोय म्हणून इथं विचारालोय. सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानाला ऑर्डर फॉर्म करून दिलाय. काम साधंच आहे, पुढं ब्राउझरमध्ये नुसतं जावास्क्रिप्ट, मागं सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएलचा डेटाबेस, शेअर्ड होस्टिंग. नाव, गाव, पिनकोड, मोबाइल, मग डबल चादर किती नग, नॅपकिन किती डझन, खाली एकूण रक्कम, बास. गिऱ्हाईक म्हणजे लातूर, पंढरपूर, अक्कलकोट, विजापूरकडचे छोटे दुकानदार, आधी फोनवर ऑर्डर द्यायचे आणि मालक वहीत लिहायचे. आता संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या आधी सगळं चालू पायजे असा मालकांचा हट्ट.

झालंय असं की दिवसाला दोन-तीन जणांना मोबाइलच्या खाली लाल अक्षरात 'मोबाइल नंबर चुकीचा आहे' येतंय आणि ऑर्डर पुढं जाईना. मालक मला फोन करून तो नंबर सांगतात, मी तोच नंबर टाकतो, पहिल्या झटक्यात जातंय. लॅपटॉपवर बघितलं, माझ्या मोबाइलवर बघितलं, भावाच्या मोबाइलवर बघितलं, इन्कग्निटोत बघितलं, कॅश साफ करून बघितलं, सगळीकडं चालतंय. काल मालक म्हणाले, तुझ्याकडं चालतंय तर मग गिऱ्हाइकाला तुझ्या घरीच पाठवू का. काय उत्तर देणार.

चेक एकदम सरळ आहे, रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यात, बॅकस्लॅश डी (कुठलाही एक आकडा), दहा वेळा, पुढं-मागं काही नको. फील्ड टेक्स्टची, मॅक्सलेंथ दहा, म्हणजे दहापेक्षा जास्त अक्षरं बसतच नाहीत.

दुसरं एक, संध्याकाळी ऑर्डरची सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) काढून देतो, ती दुकानातल्या एक्सेलमध्ये उघडली की सगळी मराठी नावं गायब आणि तिथं कसली तरी कचरा अक्षरं. माझ्याकडं लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित दिसतंय. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

रात्रपाळी:

डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बघ बे आधी. यूटीएफ८ ठेवला असशील, तो यूटीएफ८एमबी४ कर, दोन्ही सुटतील. मला असंच झालं होतं, अर्धा तास पण नाही लागला.

जुळेसोलापूरकर:

रात्रपाळी, तसं नाही ओ. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ एका अक्षराला तीन बाइटपर्यंत जागा देतो, आणि देवनागरी अक्षर तीनच बाइटचं असतं, त्यामुळं मराठी त्यात आरामात बसतं. अडतं ते इमोजीला, त्याला चार लागतात. तुमचं तेव्हा इमोजीमुळं अडलं असणार. एमबी४ करावंच, ८.० पासून तर तोच डीफॉल्ट आहे, पण या भावाचा नंबर डेटाबेसपर्यंत पोचतच नाही, ब्राउझरमध्येच अडकतोय, तिथं मायएसक्यूएलला कशाला मारायचं.

पूर्वभाग, मालक तुम्हाला फोनवर नंबर सांगतात आणि तुम्ही तो स्वतःच्या कीबोर्डनं टाकता. म्हणजे गिऱ्हाइकानं जे टाइप केलं ते तुम्ही एकदाही टेस्ट केलेलं नाही! गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवर नाव लिहितो, गाव लिहितो आणि तसंच खाली सरकून त्याच कीबोर्डवर नंबर टाकतो. त्याला दिसतो ९८..., त्याच्या हिशेबानं नंबर एकदम बरोबर. पण ते आकडे देवनागरी आहेत, आणि जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो, बाकी कुठल्याच लिपीचा आकडा त्याच्या लेखी आकडा नाही. रेजेक्सला युनिकोडचा यू फ्लॅग लावला तरी नाही. मजा म्हणजे पायथन ३ मध्ये हाच बॅकस्लॅश डी देवनागरी आकड्यांना हो म्हणतो आणि इंट फंक्शन ४१३००१ ला मुकाट्यानं पूर्णांक करून देतं. पीएचपीत मात्र त्याला पूर्णांक करायला गेलात तर शून्य हातात येतं, एरर नाही काही नाही, नुसता शून्य. म्हणून पुढचा चेक काढून टाकू आणि मागं बघू असलं करू नका, डझनाच्या जागी शून्य पडलेल्या ऑर्डरी येतील.

उपाय म्हणजे आधी आकडे बदलायचे, मग तपासायचे. कोड इथं चिकटवला की अवतरणचिन्हं वाकडी होतात म्हणून शब्दात सांगतो. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नऊचा २४१५, ओळीनं लागून आहेत. फील्डमधलं एकेक अक्षर घ्या, क्रमांक या दोघांच्या मध्ये असला तर २४०६ वजा करा, उरला तो खरा आकडा. मग स्पेस, डॅश, कंस सगळं उडवा, सुरुवातीचं +९१ किंवा शून्य काढा, आणि मग बघा की दहा आकडे उरले का आणि पहिला ६ ते ९ मधला आहे का. हेच सगळं पीएचपीतही परत करा, ब्राउझरवर विश्वास ठेवून बसू नका.

फील्डचा टाइप टेल (टेलिफोनचा) करा म्हणजे फोनवर थेट नंबरचा पॅड उघडतो, निम्मी तक्रार तिथंच संपते. टाइप नंबर करू नका, मोबाइल नंबर ही काय बेरीज-वजाबाकी करायची वस्तू नाही, आणि त्या टाइपला आत टाकलेलं पटलं नाही तर ब्राउझर तुमच्या हातात रिकामी स्ट्रिंग देतो, माणसानं काय टाकलं होतं हे कळायलाच मार्ग राहत नाही.

पूर्वभाग_पोरगं:

ओ मालक, पाया पडतो. आज दुपारी दुकानात जाऊनच बसलो. तासाभरात बार्शीकडनं एक मावशी आल्या, बचत गटाच्या दुकानासाठी टॉवेल न्यायला, त्यांनाच म्हणलं की मावशी इथंच माझ्यासमोर फॉर्म भरा. नाव मराठीत, गाव मराठीत, आणि मग तुम्ही म्हणलात तसंच, अंगठ्यानं नंबरचं पान उघडलं तर सगळे देवनागरी आकडे. 'चुकीचा आहे' आल्यावर मावशी मलाच म्हणाल्या, वीस वर्षं हाच नंबर आहे माझा, चुकीचा कसा असंल.

पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रकार येगळाच निघाला. त्यानं इंग्रजी आकडेच वापरलेले, फक्त टाइप नाही केले, व्हॉट्सॲपवरनं कॉपी करून पेस्ट केले. पुढं +९१, मग स्पेस, मग पाच आकडे, परत स्पेस, मग पाच. आणि माझी मॅक्सलेंथ दहा! त्यामुळं पेस्ट करताना मागचं सगळं कापून निघालं, डब्यात दिसत होतं +९१, स्पेस, पाच आकडे आणि एक स्पेस, मोजून दहा. त्या माणसाला लक्षात पण आलं नाही, छोट्या स्क्रीनवर कोण मोजत बसतंय. मॅक्सलेंथ मीच घातली होती, जास्त आकडे कुणी टाकू नयेत म्हणून.

मॅक्सलेंथ वीस केली, आकडे बदलायचं फंक्शन लिहिलं, टाइप टेल केला. संध्याकाळपासून एकही फोन नाही. एक्सेलचं मात्र अजून तसंच आहे.

हुतात्मा_डब्बा:

मी पुण्यात असते पण माहेर सोलापूर, त्यामुळं चाटी गल्ली वाचून थांबले. एक्सेलचा घोळ मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला समजावते. तुझी फाइल बरोबर आहे, एक्सेल ती चुकीच्या चष्म्यातनं वाचतंय. सीएसव्ही डबल क्लिकनं उघडली आणि सुरुवातीला खूण नसली की एक्सेल ती जुन्या विंडोज कोडपेजमधली, म्हणजे एका बाइटला एक अक्षर अशा जुन्या तक्त्यातली, समजतं आणि प्रत्येक मराठी अक्षराचे तीन बाइट तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून दाखवतं. नीट बघ, त्या कचऱ्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए परत परत येत असेल. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० बाइटनं सुरू होतं, तोच हा ए. हा ए दिसला की समजायचं डेटा शाबूत आहे. नुसती प्रश्नचिन्हं दिसली असती तर मी घाबरले असते, कारण तिथं मूळ अक्षरं आधीच गेलेली असतात, बहुतेक वेळा डेटाबेसच्या कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट लॅटिन१ राहिलेला असतो, त्यात देवनागरी नाहीच.

फाइल लिहिताना सगळ्यात आधी, हेडिंगच्याही आधी, तीन बाइट टाक, ईएफ, बीबी, बीएफ. याला बॉम म्हणतात. मग डबल क्लिकनंही मराठी नीट दिसतं. आधीच्या फाइलींसाठी एक्सेलच्या डेटा टॅबमधनं टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून आणा हा पर्याय घे आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवड. दुकानातल्या माणसानं कचरा दिसत असताना फाइल सेव्ह केली असेल तर ती टाकून दे, सर्व्हरवरनं परत काढ.

आणि मोबाइल नंबर ९१ लावून बारा आकडी ठेवू नकोस. एक्सेल त्याचं ९.१९ ई+११ असलं काहीतरी करून ठेवतं आणि मग दुकानातला मुलगा तेच बघून फोन लावायला जातो. हसू नका, माझ्या क्लायंटकडं झालंय.

पूर्वभाग_पोरगं:

ताई बॉमनं काम झालं, एका ओळीचा बदल. मालकांनी स्वतः फाइल उघडून सगळी नावं मोठ्यानं वाचून दाखवली.

पण आनंद दोन तासच टिकला. मालक म्हणाले सगळं मराठीत आहे तर भाव पण मराठी आकड्यात दाखव. सोपं होतं, आकडा त्या त्या भाषेच्या पद्धतीनं दाखवणाऱ्या टूलोकेलस्ट्रिंगमध्ये ईएन-आयएन (भारतातली इंग्रजी) होतं तिथं एमआर-आयएन (मराठी) केलं, भाव झकास दिसायला लागले, १,२५० वगैरे, स्वल्पविराम पण जागच्या जागी. आणि खाली एकूण रकमेत एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही'!! आता डझन इंग्रजीत टाका नाहीतर मराठीत टाका, एनएएनच.

जुळेसोलापूरकर:

एक विचारतो, खरं सांगा. एकूण काढताना भाव कुठनं घेताय, पानावर दिसणाऱ्या मजकुरातनंच ना?

पूर्वभाग_पोरगं:

हो 🙈 स्वल्पविराम काढून पार्सफ्लोट, मजकुराचा आकडा करणारं फंक्शन.

जुळेसोलापूरकर:

मग परवाच्या मावशी आणि तुमचा कोड आता एकाच नावेत आहेत. एमआर-आयएन म्हणलं की ब्राउझर आपोआप देवनागरी आकडे देतो, हिंदीला तसं नाही देत, एचआय-आयएन (हिंदी) टाकलं तर इंग्रजी आकडेच येतात, म्हणून हिंदी साइटवर काम केलेली पोरं इथं हमखास फसतात. आणि पार्सफ्लोटला देवनागरी कळत नाही, तो एनएएन देणारच.

दिसणारा मजकूर आणि हिशेबाचा आकडा वेगळे ठेवा. भाव पैशात पूर्णांक म्हणून डेटा ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या न दिसणाऱ्या जागेत, ठेवा, बेरीज-गुणाकार त्याच्यावर, आणि अगदी शेवटी माणसाला दाखवताना फॉरमॅट करा. डझनाच्या फील्डला मात्र मोबाइलवालं तेच आकडे बदलायचं फंक्शन लावा, तिथं माणूसच टाइप करतोय. मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) हवं पण आकडे इंग्रजी हवेत अशी वेळ आली तर एमआर-आयएन-यू-एनयू-एलएटीएन असं लांबलचक नाव देता येतं.

आणि ब्राउझरनं पाठवलेली एकूण रक्कम तशीच डेटाबेसमध्ये घालत असाल तर आजच थांबवा. नग आणि मालाचा कोड एवढंच घ्या, भाव सर्व्हरवरचा लावून रक्कम परत काढा. नाहीतर एखादा हुशार शंभर चादरी एक रुपयात नेईल.

रात्रपाळी:

माझं एमबी४ चुकलं, मान्य. पण एक भर घालतो, विजापूरकडचं गिऱ्हाईक आहे म्हणलास ना, तर कन्नड कीबोर्डवरनं कन्नड आकडे पण येऊ शकतात, त्यांचा शून्य ३३०२ ला. आणि आपल्या सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातलं कुणी तेलुगू आकड्यात टाकलंच तर ३१७४. तेच फंक्शन, फक्त तीन शून्यांची यादी ठेव, प्रत्येकापासून पुढचे दहा.

आणि कॉपी केलेल्या नंबरात कधीकधी न दिसणारं अक्षर चिकटून येतं, यू प्लस २०२ए वगैरे, मजकुराची दिशा सांगणारं. डोळ्याला दहा आकडे, लेंथ अकरा. त्यामुळं स्पेस-डॅश एकेक शोधून उडवण्यापेक्षा बदल झाल्यावर आकडा नसलेलं सगळंच उडव. माझे यात दोन दिवस गेलेत.

पूर्वभाग_पोरगं:

तिन्ही शून्य घातले, सगळं उडवायचं पण केलं, रक्कम सर्व्हरवर काढली, एनएएन गेला. कन्नडचं खरंच लागलं, आज सकाळी विजापूरजवळच्या इंडीकडनं एक ऑर्डर आली, लॉगमध्ये कच्चं इनपुट ठेवलं होतं त्यात मोबाइल नंबर पूर्ण कन्नड आकड्यात. लॉगमध्ये लोकांचे नंबर आहेत म्हणून आठवड्यानं आपोआप पुसायचं पण लावलंय.

मालकांनी निम्मं बिल दिलं, निम्मं संक्रांतीनंतर म्हणालेत, आणि वर एक डबल चादर दिली. जुळेसोलापूरकर, तुम्ही कधी सात रस्त्याकडं येत असला तर सांगा, चहा माझ्याकडनं.

जुळेसोलापूरकर:

चहा नको, चादर बघू.