मदत हवी आहे : आण्णांच्या अनियमित ठोक्यांसाठी पीएफए (पल्स्ड फील्ड ॲब्लेशन) की नेहमीचं ॲब्लेशन?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे. आण्णा, वय 66, द्राक्षबागायतदार. अधूनमधून छातीत धडधड सुटते. नाडी धरली तर दोन ठोके भराभर, मग एक गायबच. साधा ईसीजी नॉर्मल येत होता, मिरजेत होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावल्यावर सापडलं : एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरणं. गोळ्यांनी काही दिवस बरं, मग येरे माझ्या मागल्या.

आता ॲब्लेशन करा म्हणतात. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन, फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बंदोबस्त करायचा. गडबड बहुतेकदा तिथूनच सुरू होते, हे फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 साली दाखवून दिलं. आजवर तो भाग उष्णतेनं जाळत किंवा गोठवत. पुण्यातले डॉक्टर पल्स्ड फील्ड सुचवतात : क्षणार्धाचे विजेचे झटके, त्यानं पेशींच्या आवरणाला भोकं पडून त्या मरतात. मागची अन्ननलिका आणि श्वासपटलाची नस यांना धोका कमी. पण खर्च बराच जास्त. आणि दोन्हींची तुलना करणाऱ्या 2023 च्या ॲडव्हेंट चाचणीत पीएफएचा वर्षभरानंतरचा निकाल जुन्या पद्धतींच्या तोडीस तोड निघाला, सरस नाही. मग जादा पैसे कशाचे, हा माझा मुख्य प्रश्न.

शिवाय आण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढलेलं असतं. त्याचा काही संबंध? मेडिक्लेमवाले पीएफए मान्य करतात का? एप्रिलच्या खरड छाटणीआधी उरकावं की नंतर?

आण्णा मात्र "काळजात करंट सोडू देणार नाही" म्हणून अडून बसलेत. ओल्या हातानं मोटरचा स्टार्टर दाबणारा माणूस हा!

प्रतिसाद (कराडहून) :
सासूबाईंचं पीएफए झालंय. क्रिएटिनिनचं आधीच सांगा, हे महत्त्वाचं. झटके फार द्यावे लागले तर तांबड्या पेशी फुटून किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून आमच्याकडे नंतर सलाईन लावून लघवीच्या रंगावर लक्ष ठेवलं होतं. जादा पैसे सुरक्षिततेचे आणि कमी वेळाचे समजा. पण मी मशीनपेक्षा डॉक्टरांचा हात बघेन. किती केसेस केल्या, सरळ विचारा. मेडिक्लेमची मंजुरी लेखी घ्या. आण्णांना सांगा, भूल देतात. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, धडधड थांबली तरी. पहिले दोन-तीन महिने ठोके मधूनच बिघडू शकतात, त्यावरून फेल गेलं असं धरत नाहीत. छाटणीला आण्णा बांधावर खुर्ची टाकून बसतील, एवढंच बघा.