मदत हवी आहे: सागाच्या मुळांतले फिनॉल बुरशीमुळे वाढले की फॉस्फरसमुळे?

नमस्कार मंडळी. इंदूरला एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. सागाची रोपं, इथलीच काळी माती अधिक वाळू, सगळं वाफवून घेतलेलं. निम्म्या कुंड्यांत मायकोरायझा (मुळांत शिरून झाडाशी सहजीवन करणारी बुरशी) कल्चर, उरलेल्यांत तेच कल्चर पण वाफवून मारलेलं.

९० दिवसांनी बारीक मुळं ट्रिपॅन ब्लूने रंगवली. पेशींत इवल्या झुडपांसारखी निळी जाळी स्वच्छ दिसली, म्हणजे बुरशी शिरलीय यात शंका नाही. फिनॉलने निळ्या होणाऱ्या फोलिन अभिकर्मकाने ७६५ नॅनोमीटरवर मोजलं, तर बुरशीवाल्या मुळांत फिनॉल (झाडाची बचावाची रसायनं) जास्त. फोलिन अ‍ॅस्कॉर्बिक आम्लानेही निळा होतो, म्हणून पीव्हीपीपीने (फिनॉल धरून ठेवणारी पावडर) फिनॉल काढून उरलेलं वजा केलं. फरक राहिलाच.

खरी अडचण पुढे आहे. ही बुरशी झाडाला फॉस्फरस पुरवते, त्यामुळे ती रोपं मुळातच अंगाने भरलेली! फिनॉल बुरशीमुळे नाही, या जादा फॉस्फरसमुळेच वाढलं असेल, हा सरांचा आक्षेप, आणि तो मला पटतो.

एचपीएलसी (एकेक फिनॉल वेगळं करून मोजणारं यंत्र) मिळणार नाही, फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. नव्या कुंड्या लावायला वेळ आहे, म्हणून बुरशीशिवाय पण फॉस्फेट घातलेला तिसरा गट करणार आहे. त्याचा डोस कसा ठरवू: पानांतला फॉस्फरस बुरशीवाल्या रोपांइतका येईपर्यंत, की कोरडं वजन जुळेपर्यंत?