'हिस्पॅनिक महाविद्यालय' म्हणणे योग्य आहे का?

प्रश्न : अमेरिकेत ज्या महाविद्यालयांत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले) विद्यार्थी मोठ्या प्रमाणात शिकतात, त्यांना संघीय सरकार देत आलेल्या अनुदानावर सध्या वाद चालू आहे. त्याविषयी मराठीत लिहिताना 'हिस्पॅनिक महाविद्यालये' आणि 'हिस्पॅनिकांसाठी आरक्षण' असे म्हणावे का?

उत्तर : दोन्ही प्रयोग टाळावेत. अमुक समाजाचे महाविद्यालय म्हटले की ते त्या समाजाने काढलेले असणार असे आपल्याला वाटते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 मुळे 'अल्पसंख्याक संस्था' या शब्दात संस्थापक कोण हाच मुद्दा कळीचा ठरला आहे. अमेरिकी कायदा संस्थापकाकडे पाहत नाही. पदवी अभ्यासक्रमांच्या पटावर किमान 25 टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी आहेत का, गरजू विद्यार्थी पुरेसे आहेत का आणि संस्थेचा दर विद्यार्थ्यामागील खर्च तुलनेने कमी आहे का, एवढे तो तपासतो. 25 टक्के म्हणजे बहुसंख्या नव्हे, त्यामुळे 'हिस्पॅनिकबहुल' हा शब्दही चुकीचा ठरतो. 'आरक्षण' तर मुळीच नको, कारण येथे एकही जागा राखीव नसते, आणि या पैशातून उभी राहिलेली प्रयोगशाळा त्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी वापरतो. 'हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची लक्षणीय संख्या असलेली महाविद्यालये' हा प्रयोग लांबलचक असला तरी अचूक आहे.

'अनुदान' या शब्दालाही एक विशेषण जोडावे. आपल्याकडे 'अनुदानित' म्हटले की शिक्षकांचा पगार सरकार देते असे समजले जाते. तेथे मात्र प्रस्ताव पाठवून, इतर संस्थांशी स्पर्धा करून, ठरावीक मुदतीपुरता निधी मिळवावा लागतो. म्हणून 'स्पर्धात्मक अनुदान' म्हणावे.

प्रतिसाद : मग याला 'झुकते माप' म्हणता येईल का? जून 2025 मध्ये टेनेसी राज्याने 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' या, प्रवेशात वंशाचा विचार करण्यास विरोध करणाऱ्या संघटनेसह दाखल केलेल्या दाव्याचा रोख तोच आहे : आमच्या सरकारी महाविद्यालयांतही हिस्पॅनिक आणि गरीब विद्यार्थी आहेत, पण 25 टक्क्यांची अट पूर्ण होत नसल्याने त्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

उत्तर : दाव्याची बाजू सांगताना तो शब्द जरूर वापरावा, बातमीच्या मथळ्यात नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. हजारांत 250 हिस्पॅनिक विद्यार्थी असलेले महाविद्यालय पात्र आणि 240 असलेले अपात्र, हा काटेकोरपणा 240 वाल्यांना खटकणारच. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने अशा अनेक योजनांचा मिळून सुमारे 35 कोटी डॉलरचा निधी थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, त्याला 'समान वागणूक' म्हणावे हे मला पटत नाही. त्यातून टेनेसीतील गरीब विद्यार्थ्याला तो निधी आपोआप मिळत नाही. टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा प्वेर्तो रिकोतील विद्यार्थ्याचे मात्र जाते. 'समान वाटप' आणि 'न्याय्य वाटप' यांतला हा फरक मराठी बातमीत स्पष्ट दिसला पाहिजे, आणि जे घडले त्याला सरळ 'निधी बंद करणे' असेच म्हटले पाहिजे.