फुक्स व्हील्स आरशासारखे पॉलिश करू नका

७० च्या दशकातल्या पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारची फुक्स कंपनीची व्हील्स घासून आरशासारखी करायचा सल्ला कुणी दिला, तर तो प्लीज ऐकू नका. ही व्हील्स कास्ट (साच्यात ओतलेली) नाहीत, फोर्ज्ड (दाबाने घडवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमची आहेत, १९६६ मध्ये ९११ एस या मॉडेलसोबत आली, आणि कंपनीतून निघताना त्यांच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा) संरक्षक थर असायचा. तो बफिंगने गेला की उघडं अ‍ॅल्युमिनियम पावसाळ्यात काळवंडतं, मग दर महिन्याला घासत बसा. आणि ती मऊसर चमक तर गेलीच ना राव!

आधी मागची बाजू साफ करा, तिथे साइज आणि पार्ट नंबर ठोकलेला असतो, मग नटांच्या भोकांभोवती डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या लाल रंगाने) क्रॅक बघा. लाल रेघ फुटली तर ते व्हील भिंतीवर लावा, गाडीला नको. पावडर कोटिंगच्या (पावडरचा रंग भाजून बसवायच्या) भट्टीत तर अजिबात टाकू नका, जास्त वेळ तापवलं तर हीट ट्रीटमेंटने आलेली ताकद उतरते.

नट बॉल सीटचेच (टेकायची बाजू गोलसर असलेले) हवेत, कोन सीटवाले (निमुळत्या बाजूचे) बारीकशा कडेवरच टेकतात आणि सैल होतात. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) १३० न्यूटन मीटरला आवळा, आणि थोडं चालवून परत चेक करा.