मदत हवी आहे: एक चाचणी, अनेक शोधनिबंध, पुरावा-नकाशात मोजायची कशी?

जिस्ट (पचनमार्गातल्या स्ट्रोमल गाठी) उपचारांचा पुरावा-नकाशा (कोणत्या उपचारावर, कोणत्या परिणामाबद्दल किती अभ्यास झालेत हे चौकटींत ठिपक्यांनी दाखवणारा तक्ता) नागपुरात आम्ही दोघी करतोय. पबमेड, कॉक्रेन सेंट्रल हे वैद्यकीय संशोधनाचे डेटाबेस शोधून झाले. एम्बेस या तशाच सशुल्क डेटाबेसची सोय नाही. रय्यान या निबंध-छाननीच्या सॉफ्टवेअरने दुबार नोंदी काढल्या, पण ते शीर्षक-लेखकांचं साम्यच पकडतं. शस्त्रक्रियेनंतर इमॅटिनिब हे औषध 12 महिने की 36, हे पाहणाऱ्या स्कँडिनेव्हियन-जर्मन चाचणीचे 2012 आणि 2020 चे निबंध वेगळेच राहिले. एका चौकटीत दोन ठिपके, म्हणजे पुरावा उगाच फुगतो! एनसीटी क्रमांकाने (चाचणीचा नोंदणी क्रमांक) जोडून पाहिलं, पण जुन्या सारांशांत तो बरेचदा नसतो.

चाचणीला एकच ठिपका ठेवला, तर पुनरुद्भव आणि एकूण आयुर्मान यांचे आकडे नव्या निबंधातूनच घ्यावेत, की दोन्ही नोंदवावेत? आणि याच चाचण्यांवरचे पद्धतशीर आढावे वेगळ्या थरात ठेवता का?