मदत हवी आहे : कानाला यंत्र असताना छोट्या जॅझ क्लबमध्ये कुठे बसावं?

बाबांना लहानशा क्लबमध्ये जॅझ ऐकायला न्यायचंय. ट्रम्पेट, पियानो, डबल बास, ड्रम्स. त्यांच्या दोन्ही कानांना यंत्र आहे. मागे आम्ही स्टेजसमोर बसलो होतो, तेव्हा ट्रम्पेटचा लांब सूर लागला की यंत्र त्यालाच स्वतःची शिट्टी (फीडबॅक) समजून दाबायचं, सूर थरथरायचा. वैतागून यंत्र काढलं, तर ड्रम्सवरच्या ब्रशची मऊ सरसर गायब, आणि बाबांचा जीव तर त्यातच!

ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घेतलाय, फीडबॅक दाबणं आणि नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं) बंद केलेला. घरी रेकॉर्डिंगवर उत्तम चालतो. पण ट्रम्पेट जवळून १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि सूर यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतानाच फाटला तर नुसता यंत्राचा आवाज कमी करून भागत नाही. आवाज आत शिरण्याआधीच कमी व्हावा म्हणून त्या मायक्रोफोनवर चिकटपट्टी लावायचा उपाय वाचलाय, अजून करून पाहिलेला नाही.

बाबांना उभं राहणं जमणार नाही, आणि मागे बारजवळच्या गप्पांत त्यांना काहीच कळत नाही. ट्रम्पेटच्या तोंडासमोरून हटून ड्रम्सच्या बाजूचं टेबल घेतलं तर पुरेल का? चिकटपट्टी कोणी प्रत्यक्ष मैफलीत वापरली आहे का, आणि ब्रशचा आवाज त्यातून नीट येतो का?