शब्दचर्चा: हस्तक्षेप, मध्यस्थी, लवाद (निमित्त: कच्छच्या रणाचा वाद)

प्रश्न, नाशिकहून

कच्छच्या रणावरून भारत आणि पाकिस्तानात १९६५ ते १९६८ या काळात जो वाद झाला, त्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. मसुद्यात मी 'ब्रिटनने मध्यस्थी केली आणि प्रकरण लवादाकडे गेलं' असं लिहिलं होतं. संपादकांनी शेरा मारलाय की दोन्ही ठिकाणी 'परकीय हस्तक्षेप' लिहा, जोरकस वाटतं. मला ते खटकतंय. शिवाय लवादाने दिला तो 'निकाल' की 'निवाडा'? आणि पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या भागाबद्दल 'दिला' लिहायचं की 'गेला'? जाणकारांनी सांगावं.

पुण्याहून

ताई, शेरा मान्य करू नका. हे तीन शब्द एकाच रांगेत बसणारे नाहीत. बाहेरच्याला अधिकार कुणी दिला आणि किती दिला, एवढं पाहिलं की शब्द आपोआप ठरतो.

हस्तक्षेपात कुणी बोलावलेलं नसतं. ज्याच्या कारभारात हात घातला जातो त्याची संमती नसते, म्हणून तक्रारीचा सूर त्या शब्दातच आहे. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेने सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडलं, त्याला हस्तक्षेपाचा प्रयत्न म्हणा, माझी काही हरकत नाही. मध्यस्थ दोघांनाही चालतो, पण त्याच्या हातात निर्णय नसतो. तो निरोप पोचवतो, तोडगे सुचवतो, दोघांना एका टेबलावर आणतो. लवादाला मात्र दोघांनी आधीच लिहून दिलेलं असतं की तुम्ही सांगाल ते आम्हाला बंधनकारक.

कच्छमध्ये यातल्या दोन गोष्टी एकामागून एक घडल्या. १९६५ च्या सुरुवातीला कंजरकोटच्या पडक्या किल्ल्याच्या परिसरात कुरबूर सुरू झाली. ९ एप्रिलला सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्य चालून आलं आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या मूठभर जवानांनी चौकी लढवली. तो दिवस हे दल आजही शौर्य दिन म्हणून पाळतं. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी दोन्ही सरकारांशी बोलणी चालवली आणि ३० जूनला करार झाला. इथवरची सगळी मध्यस्थी. त्या करारातच ठरलं होतं की मंत्र्यांच्या पातळीवर जमलं नाही तर तीन जणांचा लवाद नेमायचा: एक भारताने सुचवलेला, एक पाकिस्तानने, अध्यक्ष दोघांच्या संमतीने, आणि अध्यक्षावर एकमत झालं नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नाव द्यायचं. तिघांपैकी कुणीही या दोन देशांचा नागरिक नसावा, अशीही अट होती. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर सुचवले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला एन्तेझाम. अध्यक्षाचं जमेना, तेव्हा सरचिटणीस ऊ थांट यांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांचं नाव दिलं.

मधल्या काळात सप्टेंबरचं मोठं युद्ध होऊन गेलं, ताश्कंदचा करार झाला, तरी हा लवाद मोडला नाही. जिनिव्हात त्याचं काम चाललं. आपण स्वतः सही करून ज्याला बसवलं, ज्याच्यापुढे आपल्या वकिलांनी महिनोन्‌महिने बाजू मांडली, त्याला हस्तक्षेप कसा म्हणायचा? तसं म्हटलं की आपलीच सही आपण नाकारतो.

नागपूरहून

थोडा वेगळा मुद्दा. कच्छच्या लढाईत पाकिस्तानने अमेरिकन पॅटन रणगाडे आणले आणि भारताने त्याबद्दल अमेरिकेकडे तक्रारही केली होती. बाहेरच्या देशाची शस्त्रं आली तो हस्तक्षेप नाही का? आणि विल्सन आले म्हणजे काही दबाव आलाच असणार. लहान देशांच्या तंट्यात मोठे देश पडतात तेव्हा 'मध्यस्थी' हा शब्द फार सोज्वळ वाटतो मला.

पुण्याहून

दबाव असू शकतो. मध्यस्थ स्वतःचा काहीच स्वार्थ न ठेवता येतो, असं मीही म्हणत नाही. पण रणगाड्यांना 'शस्त्रपुरवठा' हा नेमका शब्द आहे, तोच वापरावा. सगळ्याला हस्तक्षेप म्हटलं तर खरा हस्तक्षेप होईल तेव्हा आपल्याकडे शब्द उरणार नाही. तुम्हाला तटस्थ क्रियापद हवं असेल तर 'मध्ये पडणं' आहे. 'ब्रिटन मध्ये पडलं' यात कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. तक्रार करायची असेल तर ढवळाढवळ, लुडबूड, नाक खुपसणं असे शब्द हाताशी आहेतच.

आणखी एक. विल्सन यांच्या खटपटीला 'शिष्टाई' लिहिण्याचा मोह होईल. माझ्या मते तो टाळावा. कृष्णशिष्टाई आठवा: कृष्ण कौरवांकडे गेला तो पांडवांचा दूत म्हणून. शिष्टाई करणारा कुणाच्या तरी वतीने गेलेला असतो. विल्सन कुणाचेच दूत नव्हते.

साताऱ्याहून

मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली, त्यामुळे 'निवाडा' या शब्दावर बोलतो. न्यायालय देतं तो निकाल. लवाद देतो तो निवाडा. धरणग्रस्तांच्या गावी आजही विचारा, 'निवाडा जाहीर झाला का' असंच म्हणतात. कृष्णा पाणीतंटा लवादाबद्दलही 'लवादाचा निवाडा' हाच प्रयोग रूढ आहे. तेव्हा ताईंनी बिनधास्त निवाडा लिहावं. तारीख १९ फेब्रुवारी १९६८.

आणि लवाद म्हणजे आयोग नव्हे, हेही लेखात एका ओळीत आलं तर बरं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात महाजन आयोग होता. आयोग शिफारस करतो, ती मानायची की नाही हे नंतर ठरतं. लवादात मानायचं हे आधी ठरलेलं असतं.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. या निवाड्यातला कळीचा शब्द माझ्या मते 'वहिवाट' आहे, आणि लेखात तो यायलाच हवा. वादातला मुलूख सुमारे ३,५०० चौरस मैलांचा. पाकिस्तानचं म्हणणं, रणाच्या मधोमध चोविसाव्या अक्षांशाच्या आसपास सीमा जाते. भारताचं म्हणणं, सगळं रण कच्छ संस्थानचं, म्हणून सीमा उत्तरेच्या काठाने. अध्यक्षांनी बहुतेक सगळीकडे भारताची रेघ मान्य केली, जवळपास नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला. मग दहा टक्के का नाही? धारा बन्नी आणि छाड बेट ही गवताची ठिकाणं आहेत. तिथे शंभराहून अधिक वर्षं सिंधकडचे लोक गुरं चारत आले होते, आणि त्या जागांपासून मिळण्यासारखा जो काही लाभ होता तो त्यांनीच घेतला, असं पुराव्यावरून दिसलं. त्यांच्यावर अंमलही सिंधच्या सरकारी यंत्रणेचाच होता.

गावच्या बांधाच्या भांडणात आम्ही तीन गोष्टी वेगळ्या लिहायचो: मालकी कुणाची, ताबा कुणाचा, वहिवाट कुणाची. मालकी कागदावर असते. ताबा आज जागेवर कोण आहे ते सांगतो, तो काल रात्री जबरदस्तीनेही मिळवलेला असू शकतो. वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी हरकत न घेता केलेला वापर. १९६५ च्या एप्रिलमध्ये कुणी कुठे चौकी मांडली यावर निवाडा झाला नाही, कारण तो ताबा होता. गुरं शंभर वर्षं कुणाची चरली, यावर झाला. वर्तमानपत्रं सरसकट 'ताबा' लिहितात, त्यात हा सगळा फरक बुडून जातो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या भाषेत इतका नेमका शब्द असताना!

न्यायाच्या दृष्टीने वहिवाटीत न बसणारा भागही होता. सिंधमधल्या नगर पारकरच्या दोन्ही अंगांनी रणाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या आत शिरतात. त्या भारताच्या राहिल्या असत्या तर कायम कटकट झाली असती, असं म्हणून त्या पाकिस्तानकडे दिल्या. त्याला मराठीत 'सोय' म्हणावं, हक्क नव्हे. बेबलर यांना हे पटलं नाही, त्यांनी भारताचा दावा पूर्ण मान्य करणारं वेगळं मत नोंदवलं. एन्तेझाम शेवटी अध्यक्षांच्या बाजूने आले, म्हणून निवाडा दोन विरुद्ध एक असा झाला.

मुलुंडहून

माझं माहेर कच्छमधलं, सासर मराठी. 'रण' आणि 'बेट' या दोन शब्दांवर लेखात टीप द्या, नाहीतर मराठी वाचक फसेल. आपल्याकडे रण म्हटलं की रणांगण. तिकडचं रण म्हणजे खारट, ओसाड सपाटी. संस्कृतातल्या 'इरिण'शी त्याचं नातं सांगतात, आणि जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात त्या आखाताला 'एइरिनोन' म्हटलंय. उन्हाळ्यात मिठाचा पापुद्रा धरून भेगाळलेली जमीन, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. त्या पाण्यातून जो उंचवटा वर राहतो आणि ज्यावर गवत उगवतं, त्याला बेट म्हणतात. छाड बेट हे त्यातलंच. समुद्रातलं बेट डोळ्यांसमोर आणू नये.

हे निव्वळ शब्दाचं कौतुक नाही. रण म्हणजे पाणी की जमीन, यावर वादाचा अर्धा डोलारा उभा होता. पाणी म्हटलं तर दोन काठांच्या मधोमध सीमा मागता येते, आणि पाकिस्तानने तीच मागितली. ब्रिटिश सरकारच्या १९०६ च्या पत्रव्यवहारात रणाला सरोवर म्हणण्यापेक्षा दलदल म्हणणं जास्त बरोबर ठरेल असं म्हटलं होतं, त्याचा भारताला आधार मिळाला.

पुण्याहून

'दिला' की 'गेला' हे राहिलंच. हा प्रश्न त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निवाड्याविरुद्ध विरोधी पक्षांनी कच्छमध्ये सत्याग्रह केला, आणि ज्यांनी न्यायालयात याचिका केल्या त्यांत आपले मधू लिमये होते. त्यांचं म्हणणं होतं की भारताचा प्रदेश परक्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. १९६० मध्ये बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात न्यायालयानेच तसं मत दिलं होतं. जानेवारी १९६९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की इथे दिलेलं काहीच नाही. सीमा मुळात पक्की नव्हती, ती लवादाने ठरवली, आणि ठरलेल्या सीमेची अंमलबजावणी सरकार करू शकतं.

म्हणून माझं मत: 'दिला' नको, कारण देणारा आधी मालक असावा लागतो. 'गेला'मध्ये हळहळ आहे, ती लेखाच्या शेवटी तुमच्या स्वतःच्या वाक्यात येऊ द्या, घटना सांगताना नको. 'निवाड्यानुसार सीमेपलीकडे राहिला' असं लिहावं.

साताऱ्याहून

अगदी. आमच्या खात्याच्या भाषेत ही हद्द कायम मोजणी झाली, खरेदीखत नव्हे. नंतर प्रत्यक्ष रणात खांब रोवून सीमा आखली गेली, त्याला 'सीमांकन' लिहा. 'सीमानिश्चिती' कागदावरची, सीमांकन जमिनीवरचं.

नाशिकहून

सर्वांचे आभार. वहिवाटीचा परिच्छेद आता लेखात सगळ्यात मोठा होणार. शेवटचं एक विचारते: कच्छ आणि सिंधमधल्या सर क्रीक खाडीच्या वादाला पण 'लवादाधीन' म्हणता येईल का?

पुण्याहून

नाही. सर क्रीक या लवादाच्या कक्षेतच नव्हती. तिथला वाद १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाच्या अर्थावरून आहे, कारण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. पाकिस्तान त्या ठरावाच्या नकाशाचा आधार घेऊन खाडीच्या पूर्व काठाने सीमा मागतो, भारत त्याच ठरावाच्या आधाराने खाडीच्या मधून. १९७२ च्या सिमला करारापासून भारताची भूमिका आहे की अशा प्रश्नांत तिऱ्हाईत नको, दोघांनीच बोलायचं. त्यामुळे तिथे मध्यस्थी नाही, लवाद नाही आणि निवाडाही नाही. 'प्रलंबित वाद' लिहा, आणि 'तिसरा पक्ष' ऐवजी 'तिऱ्हाईत' लिहिलंत तर मला मनापासून आनंद होईल.